तीन खाचांचं फूटरेस्ट

माझ्या साडूंकडे चारचाकी आहे. ही गोष्ट तुम्हाला त्यांच्याकडून पहिल्या दोन मिनिटांत कळली नाही, तर समजायचं की ते तेव्हा झोपलेले होते. सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती, सगळ्यांनी त्यांच्याकडे जमायचं ठरलं होतं, आणि त्यासाठी साडूंचा फोन आला. बायकोने तो स्पीकरवर ठेवला. "आमच्या गाडीत मागची सगळी सीट रिकामीच आहे. ताईंना आम्ही घेऊन जातो. तुम्ही या सावकाश, तुमच्या फटफटीवर."

फटफटी! ज्या गाडीला वारा अडवायला पुढे काच आहे, दोन्ही बाजूंना कुलपाच्या पेट्या आहेत, जिचं माहितीपुस्तकच एकशे चाळीस पानांचं आहे, ती फटफटी. ही टूरिंग बाईक मी आम्हा दोघांना लांब लांब जाता यावं म्हणून घेतली. दुकानातला माणूस म्हणाला होता, साहेब, ही गाडी म्हणजे जोडीने फिरण्याची चैन आहे. मी मोठ्या अपेक्षेने बायकोकडे बघितलं. आता ही साडूंना चांगलं सुनावणार.

"चालेल की," ती फोनवर म्हणाली. "तसाही ह्यांच्या मागे बसलं की माझा उजवा गुडघा धरतो. दोन-दोन दिवस जिना चढवत नाही."

म्हणजे एकशे ऐंशी किलोमीटर मी एकटा जाणार, मागच्या सीटवर तिची पर्स, आणि माझी बायको साडूंच्या गाडीत. सासुरवाडीच्या दारात मी हेल्मेट काढून एकटा उभा आहे आणि साडू तिला दार उघडून उतरवून घेताहेत, हे चित्र मला भर दुपारी दिसलं. मी तिथल्या तिथे ठरवलं, ही माझ्या मागे बसून येईल. हातात तीन आठवडे होते.

आधी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गुडघ्याचा फोटो काढला, पाय वाकवून बघितला आणि गुडघा ठणठणीत असल्याचं सांगितलं. "मागे बसल्यावर पायावर ताण येतो का?"

"येतो," बायको म्हणाली.

"कधी येतो?"

"हे गाडी चालवत असतात तेव्हा."

डॉक्टर हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मी चटकन म्हणालो, "मागचे फूटरेस्ट उंच आहेत, डॉक्टर. गुडघा नको तितका दुमडतो. खाली-वर करता येणारे मिळतात, ते बसवले की काम झालं."

"अहो, फूटरेस्टचं एवढं काही नाही, मला म्हणायचंय..."

"तू जरा थांब. मी डॉक्टरांशी बोलतोय."

ती थांबली. ती गणिताची शिक्षिका आहे. मुलगा फळ्यावर गणित चुकत असला तर त्याला शेवटच्या ओळीपर्यंत जाऊ द्यावं, असं तिचं मत आहे.

आता, फूटरेस्ट म्हणजे काय? पाय ठेवायची दांडी. पण बाजारात गेल्यावर कळलं की माणसाने दांडीवरही जन्म घालवावा इतके प्रकार आहेत. एक खाचांचं, एक फिरवायचं, एक ओढून लांब करायचं, एकाला रबर, एकाला दाते. दुकानदाराने विचारलं, "मागे बसणाऱ्याच्या पायाचं माप काय?" बायकोचं पायाचं माप! पंधरा वर्षांच्या संसारात मला चपलेचा नंबरसुद्धा तीनदा विचारावा लागला आहे. मी सरळ तिलाच विचारायला हवं होतं हे मला मान्य आहे. पण मला हे तिला चकित करून सोडायच्या बेताने करायचं होतं. म्हणून मी तिच्या शिंप्याकडे गेलो.

शिंपी चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिला. "बाईंच्या पायाची लांबी? कशाला?"

"गाडीला."

"गाडीला कपडे शिवतात होय?" त्याने मापांची वही उचलून मांडीखाली ठेवली. "बायकांची मापं मी त्यांच्या नवऱ्यांनासुद्धा देत नाही. उद्या कोणी म्हणेल, मागच्या वर्षीपेक्षा कंबर किती वाढली ते सांगा. माझं दुकान चालायचंय." दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्या नजरेने माझ्याकडे याआधी कोणी बघितलं नव्हतं.

आमच्या वरच्या मजल्यावर पूल बांधायच्या खात्यातून निवृत्त झालेले एक काका राहतात. आपण बांधलेला एकही पूल पडला नाही, असं ते सांगतात. बांधले किती, ते सांगत नाहीत. मी हताश होऊन जिना चढत असताना त्यांनी मला गाठलं आणि विषय काढून घेतला. "अरे, माणूस कशाला मोजायचा? माणूस हलतो. कपडा मोज." मला हे पटलं, यावरून माझी तेव्हाची अवस्था ओळखा. बायको शाळेत गेल्यावर मी कपाटातून तिची राखाडी पँट आणली. काकांनी ती आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरली, पट्टी लावली, कोनमापक लावला, एका कागदावर त्रिकोण काढला आणि आलेल्या आकड्यात दोन इंच मिळवले.

"हे दोन कसले?"

"सुरक्षेचे. पुलाला नेहमी थोडं जास्त धरतात."

"पण ही पूल नाही, काका. माझी बायको आहे."

"तेच म्हणतोय मी. मग तर जास्त धरायला पाहिजे."

तेवढ्यात तळमजल्यावरच्या फिजिओबाई काही कामाने वर आल्या. गुडघ्याचा कोन एकशे दहा अंशांचा हवा, असं त्या म्हणाल्या. काका सत्त्याण्णवावर अडून बसले. दोघांचं असं जुंपलं की मी चहा केला, दोघांनी पिऊन टाकला आणि तो मी केला होता हेही कोणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी सत्त्याण्णव ठरलं, कारण फिजिओबाईंना पेशंट होता आणि काकांना कोणीच नव्हतं.

दुकानातून मी त्या मापाचं, लांब ब्रॅकेटचं, तीन खाचांचं फूटरेस्ट आणलं. मेकॅनिकने ते बसवलं. संध्याकाळी मी बायकोला डोळे मिटायला सांगून खाली आणलं. इमारतीतले सात-आठ जण आधीच जमले होते. काकांनी बोलावले होते. बायको मागे बसली, दोन्हीकडे पाय सोडले, आणि ते तसेच हवेत राहिले. फूटरेस्ट तिच्या बुटांच्या चांगलं वीतभर खाली होतं. मोठ्या माणसांच्या बाकावर बसवलेल्या पोरासारखी ती पाय हलवत बसली.

"जरा पाय लांब कर ना," मी म्हणालो.

हे वाक्य मी खरंच म्हणालो. ते पुढे इमारतीत बरेच दिवस चाललं. लिफ्ट यायला उशीर झाला तरी कोणीतरी कोणालातरी जरा पाय लांब करायला सांगायचं.

"कुठून काढलंत हे माप?" बायकोने विचारलं. मी पँटचं सांगितलं.  "ती नवी आहे. अजून खालून कापून घ्यायची आहे. पाच इंच." काकांनी लगेच जाहीर केलं की गणित बरोबर होतं, माहिती चुकीची पुरवली गेली. आणि हळूच वर निघून गेले.

वरची खाच लावली तरी फूटरेस्ट खालीच राहत होतं, म्हणजे ॲडजस्टेबल असून ते फक्त कमी वाईट आणि जास्त वाईट यांतच ॲडजस्ट होत होतं. दुसऱ्या दिवशी ते बदलायला मेकॅनिककडे निघालो. चौकाच्या अलीकडच्या गतिरोधकावर खालून असा आवाज आला, की रस्त्यावरची माणसं दातांवर हात ठेवून थांबली. ठिणग्याही उडाल्या म्हणे. मी वळून बघितलं तर मागे ठिणग्या बघणारा वाहतूक पोलीस उभा.

"हे काय लोंबतंय?"

"फूटरेस्ट. ॲडजस्टेबल आहे."

"मग करा ना ॲडजस्ट." त्याने वही काढली. विनापरवाना फेरफार. दहा दिवसांच्या आत वाहन तपासणी कार्यालयात गाडी दाखवून दाखला घ्यायचा, तोवर गाडी रस्त्यावर आणायची नाही. मी त्याला सांगितलं, की मी विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासतो, अठरा वर्षं लोकांच्या बेदरकार चालवण्यावर शेरे मारतोय, मला नियम शिकवायची गरज नाही. त्याने ते ऐकून घेतलं आणि वहीत आणखी एक ओळ लिहिली.

गाडी ढकलत मेकॅनिककडे नेली. त्याने आखूड ब्रॅकेट लावलं. या खेपेला मी बायकोलाच तिथे बोलावून घेतलं. तिने पाय ठेवून बघितला आणि मधली खाच ठीक असल्याचं पाच सेकंदांत सांगितलं. यासाठी दोन शास्त्रज्ञ आणि एक पँट लागली होती. "छान आहे," ती म्हणाली. "पण मी गाडीनेच जाईन म्हणते त्यांच्या."

"अगं, आता तर फूटरेस्ट बरोबर बसलं!"

"हो ना," ती म्हणाली, आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी पुढची ओळ लिहिणार आहे. मी लिहिली नाही. मला वाटलं, दाखला मिळेपर्यंत तिची खात्री पटत नसेल.

वाहन तपासणी कार्यालयात तीन खिडक्या होत्या आणि एक माणूस. तो ज्या खिडकीत बसेल ती उघडी. फॉर्ममध्ये छापलं होतं: बदल कायमचा / तात्पुरता, नको ते खोडा.

"यातलं काहीच नाही," मी म्हणालो. "ॲडजस्टेबल आहे. कधी ही खाच, कधी ती."

"म्हणजे तुमचं नक्की ठरलेलं नाही."

"ठरलंय. पण बदलता येतं, हाच तर त्याचा उपयोग."

"बदलता येतं, तर दाखला कशाचा देऊ? मी आज मधल्या खाचेचा देणार, तुम्ही दारातून बाहेर पडून खालची लावणार. लिहून द्या, मधलीच ठेवीन. तीन प्रतींत."

"आणि पुढेमागे खाच बदलायची झाली तर?"

"अर्ज करायचा."

मी लिहून दिलं, की मी, अमुक वयाचा, पूर्ण शुद्धीत, मधलीच खाच ठेवीन. लग्नातसुद्धा मी इतकं स्पष्ट वचन दिलं नव्हतं. मग आतून तपासनीस बाहेर आला. उंच, सडपातळ, माझ्याच वयाचा. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "चालवून बघावी लागेल. मागे भार लागतो."

"कसला भार?"

"माणूस. पूर्वी वाळूची पोती होती आमच्याकडे, ती फाटली. तुम्हीच बसा." आणि खिडकीतल्या माणसाने फॉर्मवर 'मागील भार' या रकान्यात माझं नाव घातलं. त्यापुढे 'स्थिती' होतं. माझ्याकडे एकदा बघून त्याने 'समाधानकारक' लिहिलं.

मी गाडीच्या मागे बसलो. आयुष्यात पहिल्यांदा. वडिलांकडे सायकल होती, कॉलेजात मित्रांच्या गाड्या मीच चालवायचो, आणि स्वतःची घेतल्यापासून तिला कोणाला हात लावू दिला नाही. मागच्या सीटवरून काय दिसतं? पाठ दिसते. शर्टाची एक शिवण दिसते. रस्ता दिसत नाही, तो अचानक बाजूने येतो. धरायला एक कडी, तीही पाठीमागे. तपासनीसाने गाडी सोडली आणि दुसऱ्याच मिनिटाला तो एका ट्रक आणि बसच्या मधल्या फटीत शिरला. माझा उजवा पाय आपोआप फूटरेस्टवर दाबला गेला. ब्रेक. मागे ब्रेक नसतो हे मला माहीत आहे, माझ्या पायाला माहीत नव्हतं. पुढे वळण, पाय दाबला. पुढे रस्ता ओलांडणारा म्हातारा, पाय दाबला. मी म्हणालो, "अहो, जरा हळू." तो वाऱ्यातून म्हणाला, "काय?" आणि ऐकायला मान मागे वळवली, आणि मान वळवताना वेग वाढवला.

"हळू म्हटलं."

"घाबरू नका हो. इतकी वर्षं चालवतोय. माझा हात बसलाय."

हे वाक्य माझं आहे. अक्षर अन् अक्षर. हे मी पंधरा वर्षं, प्रत्येक चौकात, मान मागे वळवून म्हणत आलो आहे.

परत आलो तेव्हा तो खुशीत होता. "गाडी मस्त आहे. फूटरेस्ट कसं वाटलं?" मला उतरायचं होतं, पण उजवा गुडघा सरळ होईना. तो धरला होता. डावा अगदी ठीक होता. मी गाडीला धरून एका पायावर उभा राहिलो, आणि मला लाज वाटली. साधीसुधी नाही, कान गरम होतात ती. फूटरेस्टचा काहीही संबंध नव्हता. ही बाई पंधरा वर्षं माझ्या मागे बसून ब्रेक मारत होती. लोकांच्या फायलींवर 'बेदरकार' असा शेरा मारून मी घरी यायचो आणि तिला मागे बसवून भाजी आणायला घेऊन जायचो. सगळ्या फायलींत एक फाईल कमी होती, आणि ती माझी.

दाखला मिळाला. तो घेऊन मी लंगडत घरी आलो. बायको वह्या तपासत होती. तिने माझ्या पायाकडे बघितलं, मग तोंडाकडे, आणि लाल पेन बाजूला ठेवलं.

"मागे बसलो होतो," मी म्हणालो.

"किती वेळ?"

"दहा मिनिटं."

ती हसली नाही, हे तिचे उपकार. मी विचारलं, "इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले की. पहिली सहा वर्षं रोज बोलत होते. तुम्ही मान वळवून 'काय' म्हणायचात, म्हणून भीतीने बोलायचं सोडलं."

"आणि हे फूटरेस्टचं चाललं होतं, तेव्हा तरी सांगायचंस."

"डॉक्टरांकडे सांगत होते, तर थांब म्हणालात. मग म्हटलं असू दे, चाललंय ते चालू दे. निदान तेवढे दिवस गाडी जागेवर उभी आहे."

मी दाखला तिच्या वह्यांवर ठेवला. मग म्हणालो, "तू माझ्या मागे बसून ये. तू म्हणशील त्या वेगाने जाईन. मला तुझ्याशिवाय त्या दारात जायचं नाही." हे शेवटचं मी जमिनीकडे बघून म्हणालो. तिने समोरची वही मिटली. मग तिने अट घातली: पाठीवर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांबा; आणि मान वळवायची नाही. मी कबूल केलं. तिने ते लिहून मागितलं नाही. कार्यालयापेक्षा तिचा माझ्यावर जास्त विश्वास आहे.

एकशे ऐंशी किलोमीटरला आम्हाला साडेपाच तास लागले. पहिल्या तासात माझ्या पाठीवर तेवीस थापा पडल्या. मला ट्रॅक्टर मागे टाकून गेला. शाळेच्या सहलीची बस मागे टाकून गेली, आणि मागच्या काचेतून पोरांनी मला हात हलवून निरोप दिला. माझ्यातला पुरुष तिथे रस्त्याच्या कडेला उतरून बसला असता, पण तिसऱ्या तासात थापा बंद झाल्या. चौथ्या तासात ती मागून काहीतरी गुणगुणत होती. पंधरा वर्षांत मला माहीत नव्हतं की ती गाडीवर गुणगुणते. गुणगुणायला फुरसतच मिळाली नसेल.

पोचलो तेव्हा साडूंची गाडी दारात उभी होती, धुऊन पुसून. "या, या," ते पायरीवरूनच म्हणाले. "आम्ही पावणेतीन तासांत आलो. वाटेत फटफटी ढकलावी लागली की काय?" माझ्या तोंडाशी चार उत्तरं आली होती. पण बायको गाडीवरून उतरली, हेल्मेट माझ्या हातात दिलं आणि कठड्याला हात न लावता दोन मजले चढून गेली. मी ती चारही उत्तरं गिळली.

वर गेलो. सासरे आरामखुर्चीत होते, सासूबाई पाहुण्यांना पाणी देत होत्या, आणि कोपऱ्यात सोफ्यावर माझी मेहुणी पाय लांब करून बसली होती. गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी होती.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही ग. गाडीत पुढे बसून आले की हा गुडघा धरतो."

"सीटचा दोष आहे," साडू मागून आत येत म्हणाले. "पाय अवघडतो तिचा. मी चौकशी केलीय, खाली-वर करता येणारी सीट मिळते. माप तेवढं घ्यायचं राहिलंय."

मी मेहुणीकडे बघितलं. गुडघा उजवाच होता. मी बायकोकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला फार बरं वाटलं. तो शिंपी, ते काका, ती तीन प्रतींतली प्रतिज्ञा, हे सगळं साडूंच्या वाटेवर रांगेने उभं दिसलं, आणि मनात आलं, जाऊ दे याला, होऊ दे याचंही. तेवढ्यात मेहुणीने पिशवी सरकवताना ओठ दाबून धरला. बहीण जिना चढताना धरायची, अगदी तसा.

मी ग्लास खाली ठेवला आणि साडूंपुढे हात केला. "गाडीची किल्ली द्या. जेवायच्या आधी एक चक्कर मारून येऊ. मी चालवतो, तुम्ही शेजारच्या सीटवर बसा."

"कशाला?"

"सीट बघायला."

ते किल्ली काढेपर्यंत बायको माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "अहो, जपून चालवा."

"जपून चालवली," मी म्हणालो, "तर त्यांना काही कळायचं नाही."